उणे अडीच

पाणी पहिल्यांदा लांब गेलं त्या वर्षी
वडिलांना वाटलं, आपलेच डोळे गेले.

मुयनाकच्या धक्क्यावर, कपाळाला आडवा हात लावून
ते बराच वेळ उभे होते.
घरी येऊन म्हणाले, ‘बिबियायिम, मला काठ दिसेना.’
आई माशाचे खवले काढत होती. मान वर न करता म्हणाली,
‘चाळिशी आली असेल. सासऱ्यांनाही आली होती.’

चाळिशी जवळचं धूसर करते, लांबचं नाही.
हे मला आता कळतं, नुकुसच्या दुकानात
तीस वर्षं काचा घासल्यावर.
तेव्हा मी सात वर्षांची, आणि आई म्हणेल ते वैद्यक.

दवाखान्यात भिंतीवर तक्ता.
वरची दोन अक्षरं त्यांनी ऐटीत वाचली,
तिसरी ओळ अडखळत,
चौथीला म्हणाले, ‘ही जाळ्यातल्या पोरांसारखी वळवळतायत.’
(पोरं म्हणजे लहान मासे. आमच्याकडे तसंच म्हणत.)
डॉक्टर म्हणाले, ‘ऱ्हस्वदृष्टी. उणे अडीच.’
‘म्हणजे काय?’
‘नाकासमोरचं दिसतं, पुढचं दिसत नाही.’
‘मग तो आजार मला नाही,
कालव्यांचे नकाशे घेऊन आलेल्या साहेबांना आहे.’
डॉक्टर उठले, दार लावून आले,
आणि काही न बोलता चष्मा लिहून दिला.

चष्मा लावून वडील थेट धक्क्यावर.
सगळं लख्ख दिसलं.
समुद्र नाही, हे अगदी स्वच्छ दिसलं.
त्यांनी काचा सदऱ्याला पुसल्या. पुन्हा लावल्या.
पुन्हा पुसल्या.

पण साहेबांबद्दल वडिलांचं चुकलंच.
त्यांना जवळचं दिसत नव्हतं.
दहा वर्षांनंतरचा कापूस त्यांना बोंडांसकट दिसे,
बुटाला लागलेलं मीठ दिसत नसे.
आमच्या धंद्यात दूरदृष्टी हाही दोषच,
अधिकचा नंबर लागतो.
पण तसले गिऱ्हाईक
स्वतःहून कधी दुकानात येत नाही.

आणि आम्ही?
डबे भरायचा कारखाना चालूच राहिला.
परक्या समुद्रातले मासे रेल्वेने, बर्फात झोपून यायचे.
आई ते कापायची, मीठ लावायची, झाकण दाबायची,
महिन्याच्या एक तारखेला पगार मोजायची.
‘हे कुठले गं मासे?’ मी विचारलं की म्हणायची,
‘माशाला गाव नसतं. अभ्यास कर.’
दृष्टीआड सृष्टी म्हणतात.
आमची सृष्टी दृष्टीसमोरच होती,
फक्त आम्ही मान जरा तिरकी धरायला शिकलो.
डोळेझाकीला भिंग नाही. मी शोधलंय.

मागच्या हिवाळ्यात मोतीबिंदू निघाला.
आमच्या समुद्रात मोती कधीच नव्हते.
अख्ख्या हयातीत दोन सापडले,
तेही वडिलांच्या डोळ्यांत, एकेक.
उजवा डोळा त्यांनी निमूट करून घेतला.
पट्टी सुटल्यावर माझ्याकडे पाहून म्हणाले,
‘केवढी पिकलीस गं तू!’
डाव्याची तारीख घेऊ म्हटलं तर
‘राहू दे तो.’
का? तर म्हणाले, ‘हिशेबाला एक पुरतो.’

परवा गावी गेले होते.
धक्का अजून आहे, पायऱ्याही आहेत,
खाली वाळूत गंजलेली गलबतं, त्यांच्या सावलीत एक गाय.
वडील वरच्या पायरीवर बसलेले, चहाचा वाडगा गुडघ्यावर.
एक डोळा मिटत, मग तो उघडून दुसरा मिटत,
एखादं पोर खेळतं तसं.
काणाडोळा हा शब्द मी जन्मभर वापरला,
कुणाला करताना असा
पहिल्यांदाच पाहिला.

डाव्या डोळ्यातल्या त्या दुधाळ धुक्यात
क्षितिजापाशी काय हलतं, मी विचारलं नाही.
त्यांच्याजवळ बसले, वाऱ्याने मीठ उडत होतं,
माझ्या काचांवर थर बसत होता.
आत्ता कुठला डोळा मिटलाय,
ते मी पाहिलं नाही.